मुक्कामी गाडी : शिकागो ते यलोस्टोन

(मंडळाच्या निधिसंकलन स्नेहमेळाव्यात, डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीचा फोन आला, "तुम्ही नॅशनल पार्क्सची मोठी ट्रिप केलीत ना, मग 'फॅमिली रोड ट्रिपचं नियोजन' या विषयावर वीस मिनिटं बोला." आम्ही दोघंही शिक्षणाने इंजिनिअर आणि पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाले. आम्हाला माईकची सवय नाही, स्लाइड्सची आहे. इथे प्रोजेक्टर नाही असं कळलं तेव्हा पोटात गोळा आला. तुम्हाला मात्र हायसं वाटलं असणार! असो. हे भाषण आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आहे, वाचणारा एक आहे. त्यामुळे 'आम्ही' म्हटलं की दोघं, एवढं लक्षात ठेवा.

आजचा निधी विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांच्या सहलींसाठी आहे. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. त्याच्यापासून तास-दोन तासांवर राहणाऱ्या किती मुलांनी ते आतून पाहिलं असेल? एसटी महामंडळ शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देतं. उरलेलं निम्मं भाडं, प्रवेश, जेवण यासाठी तुमची तिकिटं. तेव्हा विषय सहलीचाच आहे. आणि गंमत म्हणजे आमच्या गोष्टीतही एसटी येणार आहे, जरा दम धरा.

आमच्या गोष्टीची सुरुवात इथेच, डेव्हनवर होते. शिकागोच्या आसपासच्या देशी माणसाची कुठलीही सहल डेव्हनवरूनच निघते, नाही का? १९७४ साली इथे पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान निघालं, तेव्हापासून तीन पिढ्यांनी प्रवासाचा फराळ इथून भरला असेल. आम्हीही २०२३ च्या जुलैत एका शनिवारी सकाळी गाडी घेऊन इथे आलो. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, आंब्याचं लोणचं, आणि 'असू दे' म्हणून घेतलेल्या आणखी आठ वस्तू. पार्किंग मिळायला वीस मिनिटं. मग चिरंजीवांना भूक लागली म्हणून डोसा. सहाला निघायचं ठरलं होतं, शहराबाहेर पडलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

आमच्याकडे प्लॅन होता, आणि काय सुंदर प्लॅन होता! एक्सेलची शीट, सात टॅब, प्रत्येक पार्कला वेगळा रंग. बॅडलँड्स, विंड केव्ह, माउंट रशमोर, डेव्हिल्स टॉवर, यलोस्टोन, ग्रँड टीटन आणि येता येता रॉकी माउंटन. नऊ दिवसांत सगळं. पहिल्या दिवशी शिकागो ते साउथ डकोटातलं वॉल गाव, जवळजवळ नऊशे मैल. म्हणजे मुंबईहून निघून एका दमात दिल्ली! मॅप म्हणत होता साडेतेरा तास. आम्ही शीटमध्ये साडेतेरा तास घातले. जेवण, पेट्रोल, बाथरूम यांची बेरीज कुठल्याच रकान्यात नव्हती. स्वतःच्या कामात कुणी असा एस्टिमेट दिला असता तर आम्हीच त्याला फाडून खाल्लं असतं. वर आदल्या रात्री आमच्यापैकी एकाचं प्रॉडक्शन रिलीज होतं, ते पहाटे दोन वाजता संपलं.

आता जे सांगणार आहोत ते आम्ही आजवर चार लोकांत सांगितलेलं नाही.

आय-नव्वदवर सू फॉल्स मागे पडलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. पुढे मिचेल गाव गेलं. तिथला रस्ता म्हणजे सरळ रेघ. दोन्ही बाजूंना काळोख, वेगमर्यादा ताशी ऐंशी मैल. एक जण गाडी चालवत होता, दुसरी 'मी जागी आहे हं' म्हणत म्हणत झोपली होती, मागे मुलगा झोपला होता. आणि एकदम घर्रर्र असा आवाज! रस्त्याच्या कडेला खाचा पाडलेल्या असतात ना, त्यांवरून चाकं गेली होती. डोळे उघडले तेव्हा गाडी दोन रस्त्यांमधल्या गवतात शिरत होती. ब्रेक लागला, गाडी तिरकी होऊन थांबली. समोरच्या बाजूने त्याच क्षणी एक ट्रक गेला. त्याच्या दिव्यांत आम्ही एकमेकांचे चेहरे पाहिले.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मुलगा जागा होऊन म्हणाला, "आलं का यलोस्टोन?"

आम्ही उलटे मिचेलला गेलो, मोटेलात खोली घेतली आणि पहाटेपर्यंत भिंतीकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी झोपलोच. मग हळूहळू बॅडलँड्सपर्यंत गेलो, एक दिवस ते पाहिलं आणि घरी परत आलो. मित्रांना सांगितलं, "ऑफिसचं काम निघालं." भारतात आईबाबांना काहीच सांगितलं नाही. एक्सेलची शीट तशीच राहिली. सात टॅबपैकी एकच हिरवा झालेला.

पुढच्या मे महिन्यात, म्हणजे २०२४ मध्ये, आईबाबा सहा महिन्यांसाठी आले. (आमच्यापैकी एकाचे आईवडील आणि दुसरीचे सासूसासरे. घरात दोघांनाही आईबाबाच.) बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कराड आगारात बरीच वर्षं. कुठली गाडी किती वाजता कुठल्या फलाटावर लागायची, कुठल्या चालकाची ड्युटी कधी संपते, हे त्यांनी आयुष्यभर केलं. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) पहिली एसटी सुटली, ही गोष्ट ते दर वर्षी १ जूनला सांगतात. इथे आल्यावरही सांगितली. आणि तेवढ्यात नातू म्हणाला, "आजोबा, आमची गाडी तर गवतात गेली होती!"

घरात शांतता. आई उठून आत गेली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एखाद्या चालकाचा जबाब घ्यावा तसे प्रश्न विचारले.

"चालक किती?"

"दोन."

"दुसऱ्याची ड्युटी कधी लागणार होती?"

"तसं ठरलं नव्हतं. दमलं की बदलायचं."

"दमलेला माणूस सांगतो होय, मी दमलोय म्हणून? सकाळी उठला होतास किती वाजता?"

"पाचला."

"झोपला होतास?"

"दोनला."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अशा माणसाच्या हातात मी गाडी दिली असती तर माझी नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती."

मंडळी, आम्ही नंतर हे नियम शोधून वाचले. भारतात तेव्हा १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. चालकाला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती. इथे अमेरिकेत माल वाहणाऱ्या ट्रकच्या चालकाला आधी सलग दहा तास सुट्टी हवी, मग ड्युटी सुरू झाल्यापासूनच्या चौदा तासांतले जास्तीत जास्त अकरा तास चालवता येतं, आणि आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची. टोमॅटो आणि फ्रिज वाहणाऱ्यासाठी एवढा कायदा. स्वतःची बायकामुलं वाहणाऱ्यासाठी काहीच नाही!

आम्ही म्हटलं, "बाबा, आता आम्ही लांब गाडीने जाणारच नाही." यावर बाबा म्हणाले, "का? ब्रेकडाऊन झाला म्हणून आगार बंद करतात काय? वही आण."

त्या वहीत पुढचे आठ दिवस आमच्या ट्रिपचं वेळापत्रक तयार होत होतं. पेन्सिलीने. बाबांनी मैलांचे किलोमीटर केले, मग अंतरं नाही, तासही नाही, आधी मुक्काम लिहिले. त्यांच्या मते गाव ठरलं की गाडी आपोआप ठरते. एसटीत 'मुक्कामी गाडी' असते हे तुमच्यापैकी गावाकडच्यांना माहीत असेल. संध्याकाळची सुटते, शेवटच्या गावात रात्र काढते, सकाळी पहिल्या फेरीला तिथूनच निघते. चालक-वाहक रात्री गावातच झोपतात. बाबांचा पहिला नियम : आपली गाडी मुक्कामी गाडी. दिवेलागणीच्या आत मुक्कामाला. दुसरा नियम : एकाने सलग दोन तास, मग चालक बदलायचा, दमला असो वा नसो. तिसरा : दिवसाला पाचशे किलोमीटरच्या आत. आणि चौथा नियम, जो आम्हाला त्या वेळी निव्वळ उधळपट्टी वाटला : मधला एक दिवस कोरा. त्याला ते 'स्पेअर' म्हणत. "आगारात एक गाडी उभी नसेल तर ते आगार नव्हे," इति बाबा.

हे सगळं धरून हिशोब केला तर यलोस्टोनला पोचायलाच सात दिवस लागत होते! परतीचे पाच. रजा दहा दिवसांची. तीन शनिवार-रविवार जोडून सोळा दिवस झाले, आणि सात पार्कांची दोन उरली, बॅडलँड्स आणि यलोस्टोन. वाटेवर पडतात म्हणून माउंट रशमोर आणि डेव्हिल्स टॉवर. विंड केव्ह गेलं, रॉकी गेलं, आणि यलोस्टोनला अगदी लागून असलेलं ग्रँड टीटनसुद्धा गेलं. यावर आमच्यात भांडण झालं, खोटं कशाला सांगू. "एवढं जवळ जाऊन टीटन नाही? लोक काय म्हणतील!" बाबा पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "तुम्हाला बघायचं आहे की मोजायचं आहे?" आम्ही गप्प.

निघण्याआधी एक रंगीत तालीम झाली. इंडियाना ड्यून्सला. शिकागोहून तासाभराच्या अंतरावर नॅशनल पार्क आहे हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. त्याला नॅशनल पार्क हे नाव मिळालं २०१९ साली. पण त्या वाळूच्या टेकड्या राखाव्यात म्हणून शिकागोत सुनावणी झाली होती ती १९१६ च्या ऑक्टोबरात, नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन होऊन जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा. म्हणजे एकशे दोन वर्षांहून अधिक. आपल्याकडच्या सरकारी फायलींना उगाच नावं ठेवतो आपण!

तर ड्यून्सच्या त्या एका दिवसाने जे शिकवलं ते दहा वेबसाइट्सनी शिकवलं नसतं. आईला दर दीड तासाने बाथरूम लागतं, पण ती मागत नाही, पाणी प्यायचं बंद करते. बाबांना मागच्या तिसऱ्या सीटवर मळमळतं. आईला आमच्या गाडीत चढताच येत नाही, पायरी उंच पडते, आणि ती 'मी इथेच बसते' म्हणते तेव्हा दृश्याचा कंटाळा आलेला नसतो, चढण्याउतरण्याचा आलेला असतो. परत येताना आम्ही डेव्हनवर थांबलो आणि एका भांड्यांच्या दुकानातून प्लास्टिकचं बुटकं स्टूल घेतलं. सोळा दिवसांत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू कोणती असं विचाराल तर ते स्टूल.

खाण्याचंही सांगायला हवं, नाहीतर मंडळी चहाला सोडणार नाहीत. मोटेलच्या खोलीत फोडणी देऊ नका! आम्ही ला क्रॉसला पहिल्याच मुक्कामी पोह्यांची फोडणी दिली, आणि मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म. सगळं मोटेल पायजम्यात पार्किंगमध्ये. बाबा म्हणाले, "प्रवाशांना उतरवून घ्या, मग मोजा." त्यानंतर आईने हातात सूत्रं घेतली. सू फॉल्सला एका मराठी ओळखीच्यांच्या स्वयंपाकघरात तिने बाटलीभर फोडणी करून ठेवली, हिंग-हळद-मोहरीची, थंड. पुढे पोहे भिजवा, चमचाभर ओता, लिंबू पिळा. दशम्या चार दिवस टिकल्या. भात इलेक्ट्रिक कुकरमध्ये. आणि पार्कमध्ये खाणं बाहेर विसरू नका. अस्वलांना चिवड्याची सवय लागली तर त्याची शिक्षा शेवटी अस्वलाला होते.

पासाबद्दल सगळे विचारतात. आमचं नशीब असं की चिरंजीव त्या वर्षी चौथीत होते. आपल्या वेळी चौथी म्हणजे स्कॉलरशिपची परीक्षा, इथे चौथी म्हणजे फुकट पास! चौथीत शिकणाऱ्या मुलाला सप्टेंबर ते पुढच्या ऑगस्टपर्यंत सगळ्या नॅशनल पार्कांत मोफत प्रवेश मिळतो, आणि त्याच्यासोबत गाडीतल्यांनाही. पास कागदावर छापून न्यावा लागला, फोनवर दाखवून चालला नाही. गेटवर पोरगा पंतप्रधानांच्या थाटात कागद पुढे करायचा. तुमच्या घरी कुणी तिसरीत असेल तर पुढच्या उन्हाळ्याचं आत्ताच बघा.

मात्र आईवडिलांना बोलावणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐका. १ जानेवारी २०२६ पासून नियम बदललेत. वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ऐंशी डॉलर, बाहेरून येणाऱ्यांना अडीचशे. आणि वार्षिक पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन अशा अकरा गर्दीच्या पार्कांत बाहेरच्या देशातल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे नेहमीच्या प्रवेशावर शंभर डॉलर जादा. बॅडलँड्स आणि आपलं ड्यून्स त्या अकरांत नाहीत. तेव्हा तुमच्या गाडीत कोण कोण बसणार आहे ते धरून, निघायच्या आधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर नियम वाचा आणि ओळखपत्रं हाताशी ठेवा. बासष्टीच्या वरच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना आयुष्यभराचा पास ऐंशी डॉलरला मिळतो, तो मात्र इथल्या काका-मावशींनी काढला नसेल तर उद्या काढा.

आता उंचीबद्दल. बाबांना स्टेंट आहे, आईला रक्तदाब. व्हिजिटर इन्शुरन्सच्या बारीक अक्षरांत आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते आम्ही पहिल्यांदा तेव्हा वाचलं, तुम्ही पॉलिसी घ्यायच्या आधी वाचा. ओल्ड फेथफुलचा परिसर समुद्रसपाटीपासून सात हजार तीनशे फुटांहून उंच आहे. कळसूबाईचं शिखर पाच हजार चारशे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच टोकाच्याही वर दोन हजार फूट हवेत माणूस उभा असतो, आणि त्याला वाटतं आपण सपाटीवर पार्किंग शोधतोय! डॉक्टरांना विचारून, औषधं नीट बांधून, आधी पाच हजार फुटांवरच्या कोडी गावात रात्र काढली. ओल्ड फेथफुल, लेक आणि मॅमथ या ठिकाणी दवाखाने आहेत ते बाबांनी वहीत लाल पेन्सिलीने मांडले. फोनला पार्कात बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घेतले. शिवाय कागदाचा नकाशा, बाबांच्या मांडीवर.

प्रवासाचं वर्णन लांबवत नाही. ला क्रॉसला मिसिसिपी, चेंबरलेनला मिसुरी. मिचेल मागे पडल्यावर ती जागा आली. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. दुपारचे बारा वाजले होते, ऊन लख्ख होतं, आणि गवत वाऱ्यावर इतकं शांत हलत होतं की इथे काही होऊ शकतं यावर विश्वास बसू नये. बाबांनी न विचारता ओळखलं. म्हणाले, "पुढच्या थांब्यावर चालक बदला." वास्तविक दोन तास झाले नव्हते.

पुढे एका ठिकाणी घड्याळ तासभर मागे जातं. फोनने ते आपलं आपण केलं. बाबांनी मनगटावरचं केलं नाही. वहीत दोन रकाने पाडले, 'शिकागो वेळ' आणि 'इथली वेळ', कारण गोळ्या शिकागोच्या वेळेला.

कोडीहून सातव्या दिवशी सिल्व्हन खिंड ओलांडून यलोस्टोनमध्ये शिरलो. १८७२ साली राखलेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. पूर्वेच्या त्या रस्त्यावर लेक ब्युट ओव्हरलुक म्हणून एक उंचावरची जागा आहे. खाली यलोस्टोनचं सरोवर, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला लांब, क्षितिजावर, टीटनची शिखरं दिसतात. त्या दिवशी दिसली. दातेरी, निळसर, बर्फाच्या रेघा असलेली. आईने स्टुलावरून खाली उतरून तिथूनच हात जोडले. "कळसाचं दर्शन झालं की देवळात जाऊन आल्यासारखंच असतं," म्हणाली. आमच्या भांडणाचा निकाल असा लागला.

दुसऱ्या दिवशी ओल्ड फेथफुल. जगातल्या एकूण उष्ण कारंज्यांपैकी निम्मी एका यलोस्टोनमध्ये आहेत, पण वेळापत्रक लावलेलं हे प्रसिद्ध. पुढचा फवारा किती वाजता, याची पाटी तिथे असते, दहा मिनिटं इकडेतिकडे. बाबा पाटीसमोर उभे. "हे कसं काय सांगतात?" रेंजर बाईंना नातवाने विचारलं, आणि आजोबांना मराठीत सांगितलं : मागचा फवारा किती वेळ चालला ते मोजतात. थोडा वेळ चालला तर पुढचा लवकर येतो, जास्त वेळ चालला तर उशिरा, साधारण दीड तासाने. बाबांचा चेहरा मंडळी, काय सांगावं! "म्हणजे मागची फेरी बघून पुढची सोडतात. अरे, हेच तर मी करत होतो." सगळा जमाव कॅमेरे सरसावून बसला होता, बाबा घड्याळ हातात घेऊन. पाणी उसळलं, शंभर फुटांच्या वर गेलं, माणसं ओरडली. बाबांनी वहीत लिहिलं : 'चार मिनिटे लेट.'

त्या रात्री आईला त्रास झाला. डोकं ठणकत होतं, झोप नाही, जिना चढताना धाप. आम्ही वेस्ट यलोस्टोन गावात उतरलो होतो, तेही साडेसहा हजार फुटांवर. बाबांच्या वहीत तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं : 'पर्यायी थांबा गार्डिनर, उंची ५३०० फूट.' म्हणजे सकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर दवाखाना, आणि खाली उतरायचं. सकाळी थोडं बरं वाटलं. आई म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका, एवढे पैसे घालून आलोय." बाबा म्हणाले, "आज स्पेअर आहे. गाडी सुटणार नाही." तो कोरा दिवस आम्ही मोटेलच्या व्हरांड्यात पत्ते खेळत काढला. पाणी, पेज, झोप. संध्याकाळी आई स्वतःहून म्हणाली, चहा करा.

आमच्या जुन्या शीटमध्ये त्या तारखेला सकाळी यलोस्टोनचं उरलेलं अर्धं आणि दुपारी टीटन होतं. आई गाडीत मागे डोळे मिटून बसली असती आणि 'मी ठीक आहे' म्हणत राहिली असती. आम्ही त्यावर विश्वास ठेवला असता, कारण आम्हाला तो ठेवायचा होता.

पुढचे दोन दिवस हेडन व्हॅली, ग्रँड प्रिझमॅटिक, कॅन्यनचा धबधबा. बायसनचा कळप रस्त्यावर आला आणि पाऊण तास गाड्या खोळंबल्या. पंचवीस यार्डांच्या आत जायचं नाही हा नियम, पण बायसनला कुणी सांगावं? तो आमच्या आरशाला घासून गेला. बाबा काच वर करून पुटपुटले, "हा फलाट सोडत नाही." परतीची वाट माँटानातून, बिलिंग्जवरून. पाच दिवस, एकही रात्र अंधारात नाही. सव्वातीन हजार मैलांच्या आसपास झाले. सोळाव्या दिवशी दुपारी चार वाजता गाडी थेट डेव्हनवर आणली, कारण घरात दूध नव्हतं आणि आईला ताजी मेथी हवी होती. वहीत बाबांनी लिहिलं होतं पाच वाजता. 'एक तास बिफोर,' असा शेरा मारला आणि सही केली.

आईबाबा त्याच नोव्हेंबरात परत गेले. गेल्या वर्षी बाबांच्या डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद करायला सांगितला. त्यामुळे त्या सोळा दिवसांना दुसरी फेरी नाही. बाबा फोनवर अजून विचारतात, यंदा कुठे? यंदा टीटन. मुक्कामांची नावं आम्ही त्यांना वाचून दाखवली, त्यांनी एक गाव बदलायला लावलं.

वेळ संपली असं अध्यक्ष खुणावतायत. बाबांच्या वहीच्या चौदा पानांच्या झेरॉक्स प्रती बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत, अक्षर वळणदार आहे, सहज वाचता येतं. प्रतीला पाच डॉलर, सगळे निधीला जातील. फोडणीच्या बाटलीची कृती शेवटच्या पानाच्या मागे आईच्या अक्षरात आहे. सुट्टे पैसे असतील तर बरं होईल, टेबलावर चिरंजीव बसलेत आणि ते उरलेले पैसे परत देत नाहीत.